हवाबी आणि मागचं दार

पाणी माझ्या छातीला लागलं तेव्हा इम्तियाज शटरला लाथा मारत होता. शटर जागचं हलत नव्हतं. थोड्या वेळापूर्वी त्यानंच ते ओढून घेतलं होतं, गल्लीतलं पाणी दुकानात येऊ नये म्हणून. आता बाहेर गल्लीची नदी झाली होती. तिच्यातून वाहत आलेलं काहीतरी जड शटरवर आदळून तिथंच अडकलं होतं आणि पत्रा आतल्या बाजूला वाकला होता. पाणी खालून, कडेनं, फटीफटीतून आत येत होतं. दिवे गेले होते. भर दुपारी आत काळोख.

आम्ही चौघं होतो. इम्तियाज हा त्या कापडाच्या दुकानाचा मालक, म्हसळ्याचा, तिशीतला. माझी सून मेघना भावाच्या लग्नासाठी कापड घ्यायला आली होती. ती काउंटरवर चढून "आई, वर या ना, आई, प्लीज" म्हणत होती आणि माझ्या गुडघ्यांना चढवत नव्हतं. सालिम नावाचा एक ओमानी म्हातारा, गिऱ्हाईक, एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात स्वतःच्या चपला वर धरून उभा होता. चौथी मी. मला पोहता येतं, खाडीकाठची आहे. पण बंद खोलीत पोहून जायचं कुठं?

मागची भिंत दिसतच नव्हती. तिथं जमिनीपासून छतापर्यंत कापडाचे तागे रचलेले. त्या ताग्यांच्या पलीकडून दगड आपटल्याचा आवाज आला आणि मग एक चिरका आवाज.

"इम्तियाज! मेल्या, माल काढ! दार उघड!"

ती हवाबी होती. ती कोण, ते आधी सांगते. पाण्याचं त्याशिवाय कळायचं नाही.

नवरा गेल्यावर मुलानं, प्रसादनं, मला मस्कतला आणलं. त्याचा फ्लॅट अल मवालेहला. खाली उतरलं की रुंद रस्ता, पलीकडे भाजीचं मोठं मार्केट. सगळं धुतल्यासारखं स्वच्छ आणि सगळं कालपरवा बांधलेलं. मला वाटलं होतं, हा देशच असा, गाड्यांसाठी केलेला. एका शुक्रवारी प्रसाद म्हणाला, "चल आई, तुला मत्रहला नेतो. जुनं बंदर आहे, जुना बाजार आहे." मला जुन्या इमारती बघायची हौस नाही. सुकी मासळी मिळेल म्हणून गेले.

मासळीच्या दुकानात सोडे हातात घेतले आणि मराठीत पुटपुटले, "हे सोडे आहेत की लाकडाच्या ढलप्या?" मागं कोणीतरी फिसकन हसलं. वळून बघितलं तर एक किडकिडीत बाई, डोक्यावर ओढणी, नाकावर जाड भिंगांचा चष्मा, वय माझ्याएवढं किंवा दोन-चार वर्षं जास्त.

"कुठली गो तू?"

"बागमांडल्याची."

"अगो! समोरची!" तिनं माझं मनगटच धरलं. "मी बाणकोटची. तुमच्या धक्क्यावरचा दिवा आमच्या दारातून दिसायचा."

सावित्रीच्या खाडीची एक बाजू तिची, एक माझी. लहानपणी खाडी ओलांडताना आम्ही एकाच तरीत बसलो असू. ती मत्रहला आली लग्न होऊन, आणि तिथंच राहिली. सगळा बाजार तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायचा. मी हवाबी म्हणत असे, कारण समोरच्या काठावरच्या बाईला मी खाला कशाला म्हणू?

"सोडे टाक ते. चल, तुना गल्ली दावतंय," ती म्हणाली. प्रसादला तिनं विचारलंसुद्धा नाही. "तू बस रे तिथं चाय पीत."

बाजाराच्या मागं, डोंगराच्या पायथ्याशी तिची गल्ली. दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं भिंतीला टेकायचं, एवढीच रुंद. घरं समुद्रातल्या दगडाची, वर चुन्याचा गिलावा. खाली दुकानं, वर माणसं. लाकडी गवाक्षं एकमेकांच्या अंगावर आलेली. कच्छी व्यापारी, सिंधी सोनार, आमच्याकडचे मुसलमान, बलुची हमाल, सगळे एकाच गल्लीत पिढ्यानपिढ्या राहिलेले. एका कच्छी आजोबांच्या दुकानात पितळी तागडी अजून टांगलेली होती. ते माझ्याशी कच्छीत बोलले, हवाबीशी अरबीत, फोनवर हिंदीत, आणि मांजराशी कशात बोलले ते मला कळलं नाही. पुढं लोबानाचा वास, त्याच्यापुढं ताज्या हलव्याचा, त्याच्यापुढं ओल्या दोरांचा. मी गप्प झाले. माझ्या घरच्यांना विचारा, मी गप्प होणं ही सोपी गोष्ट नाही.

हवाबी बघू द्यायची नाही. तिचं एकच म्हणणं. "डोल्यांनी काय बघतंस? हात लाव."

एका दाराशी तिनं माझा हात धरून लाकडावर ठेवला. दार हातभर जाड, त्यावर वेलबुट्टी. "कसला हाय?" मी नखानं खरवडलं. सागवान. "आपल्याकडचाच. गलबतातून आलाय," ती म्हणाली. छताखाली नेऊन वासे दाखवले. ते आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आलेले. प्रत्येक वस्तू कुठून तरी समुद्रावरून आलेली, जशी ती स्वतः. ते ती बोलली नाही, ती असलं बोलायची नाही.

मग गल्लीच्या तोंडाशी, तिच्या जिन्याखालच्या भिंतीपाशी तिनं थांबवलं. गिलाव्यात छिन्नीनं मारलेल्या आडव्या खाचा होत्या. एक गुडघ्याजवळ, दोन कमरेच्या आसपास, एक खांद्याशी, बाकी अधल्यामधल्या. जुन्या खाचांच्या कडा गुळगुळीत झालेल्या.

"हात लाव."

लावला.

"इथपत्तर पाणी आलंला."

मी हसले. वर आभाळ कोरडं ठणठणीत, आजूबाजूला कुसळही नसलेले डोंगर. इथं कसलं पाणी येतंय? हवाबीनं बोट त्या डोंगराकडं केलं. इथं पाऊस वर्षावर्षात पडत नाही. पडला की त्या उघड्या खडकावर पडतो आणि मुरायला जागा नाही, म्हणून सगळाच्या सगळा खाली येतो. हा बाजार नदीच्या कोरड्या पात्रात भरलेला आहे. इथले लोक त्याला वादी म्हणतात. गल्लीत थेंब पडलेला नसतो आणि पाणी येतं.

"मग लोक राहतात कशाला इथं?"

"तू खाडीकाठी कशाला राहलंस?"

मग दर शुक्रवारी मी तिच्याकडे जाऊ लागले. मेघना मला सोडायची आणि जवळच्या रुवी भागात आपली कामं करून यायची. हवाबी वरच्या दोन खोल्यांत राहायची. ओमानी पुरुषांच्या टोप्यांवर बारीक भोकांचं भरतकाम करायची, अजूनही. मी मासळी आणायची, ती भाकऱ्या करायची. तिच्या हातची भाकरी माझ्यापेक्षा पातळ होती, हे मी तिला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

दुपारच्या नमाजानंतर बाजार उघडायच्या वेळी ती खाली उतरायची आणि तिची फेरी सुरू व्हायची. त्या गल्लीतल्या प्रत्येक दुकानाला मागच्या अंगाला चार दगडी पायऱ्या आणि त्यांच्यावर एक बुटकं दार आहे. ते दार वरच्या बोळात उघडतं, आणि बोळ डोंगराकडे चढत जातो. पाणी आलं की पुढून पळायचं नाही, मागून वर जायचं. म्हणून मागच्या पायऱ्यांवर काही ठेवायचं नाही, हा गल्लीचा रिवाज. जुनी माणसं तिथं चपलासुद्धा काढून ठेवायची नाहीत. पण आता दुकानं नव्या माणसांनी घेतलेली. दुकान खोपटाएवढं, माल ट्रकभर, आणि पायऱ्या दिसतात रिकाम्या.

हवाबी आत शिरायची, परवानगी न मागता, आणि पायऱ्यांवरची खोकी ओढून खाली टाकायची.

"आली इन्स्पेक्टर!" पोरं ओरडायची. "खाला, फाईन किती?"

"तुज्या मयताला येईन तवा सांगतंय."

एकदा अत्तरवाल्याच्या बाटल्यांचं खोकं तिनं असं काही ओढलं की गल्ली दोन दिवस गुलाबाचा वास मारत होती. अत्तरवाला तिच्या मुलाकडे तक्रार घेऊन गेला. पुढच्या शुक्रवारी त्याच्या पायऱ्या मात्र मोकळ्या.

इम्तियाजशी तिचं खरं भांडण. त्यानं पायऱ्यांवर तळापासून छतापर्यंत तागे रचलेले, त्यामुळे तिला ओढता यायचे नाहीत. ती दारात उभी राहून तोंड सोडायची.

"मेल्या, दार कुठं हाय तुजा?"

"आहे ना खाला, मागं आहे. कुठं जातंय?"

"तू कुठून जाशील?"

"इन्शाल्ला, पाऊस नाय पडणार. मी आलो तेव्हापासून पडला का? खाला, इथं फुटाफुटाचं भाडं देतो मी. हवेला भाडं देऊ?"

"दे."

तो काकुळतीला येऊन माझ्याकडे बघायचा. "काकू, तुम्ही तरी समजवा." मी काय समजावणार? मला त्याचंही पटायचं.

थंडीत बंदरात पर्यटकांची मोठी जहाजं लागतात. मग गल्ली गोऱ्या माणसांनी भरते. पुढं छत्री धरून गाईड, मागं माना वर केलेला कळप. एकदा एक म्हातारी त्यांच्यातून मागं राहिली. पांढरे केस, पायात कापडी बूट, दम लागलेला. हवाबीनं तिचं मनगट धरलं आणि हात खाचेवर ठेवला. बाई दचकली. मग तिनं खाच बोटानं चाचपली, खालची चाचपली, वरची चाचपली. एकाएकी तिनं तळहात आडवा करून हवेत हळूहळू वर नेला, जसं पाणी चढतं तसा, आणि आमच्याकडे प्रश्न केल्यासारखं बघितलं. हवाबीनं मान हलवली. त्या बाईनं छातीवर हात ठेवून "इतालिया, इतालिया" म्हटलं आणि पुन्हा तोच हात पाण्यासारखा वर नेला. तिच्या गावच्या भिंतींवरही अशा खुणा होत्या म्हणजे. दोघी मग एकमेकींना आपापल्या अंगावर दाखवू लागल्या. इथपर्यंत. आमच्याकडे इथपर्यंत. कंबर. खांदा. गळा. गाईड हाका मारून थकला. मी बाजूला उभी. जगाच्या दोन टोकांच्या दोन बायका, एका शब्दाचीही ओळख नाही, आणि पाणी कुठवर आलं ते एकमेकींना बिनचूक कळलं. मला देवळातही असं कधी झालेलं नाही. माझ्या अंगावर काटा आला, तो मी पदराखाली झाकला.

ती इटलीची बाई जाताना खांद्याजवळच्या खाचेवर बोट ठेवून काहीतरी विचारत होती. हवाबीनं तिला उत्तर दिलं नाही. माझ्या लक्षात आलं की ती खाच हवाबी कोणालाच सांगत नाही. बाकीच्यांवर हात ठेवायला लावते, त्या एकीवरून पुढं जाते. मी सरळ विचारलं.

"ही कुठली गं?"

"ती माज्या नवऱ्याची."

"म्हणजे?"

"कापडाच्या दुकानात नोकर होता. पाणी आलं. मालक मागून वर गेला. ह्यो म्हणाला, रेशमाचे तागे तेवढे वर घेतंय. पायऱ्यांवर रचले. तागे वर राहले, ह्यो खाली." मग म्हणाली, "माल सुका निघाला. एकसुद्धा डाग नाय."

ती रडली नाही. मीही तिच्या पाठीवरून हात फिरवला नाही. ती उठली आणि चहा ठेवला. साखर तिनं दोनदा घातली.

तिचा मुलगा रुवीला राहायचा, चांगली नोकरी. तो दर महिन्याला येऊन म्हणायचा, "अम्मी, चल. लिफ्ट आहे, तिसरा मजला आहे." ती म्हणायची, "मी गेल्यावर दारं कोण बघील?" तो माझ्याकडे बघून हात जोडायचा. मला वाटायचं, बाईला वेड आहे. आता वाटतं ते वेगळं आहे, पण त्याला काय म्हणतात ते मला ठाऊक नाही.

तर त्या दिवशी. मेघनाला कापड हवं होतं म्हणून आम्ही शुक्रवार सोडून आडदिवशीच गेलो. इम्तियाज ताग्यामागून तागा उलगडत होता. सालिमबाबा बायकोसाठी हिरवा रंग शोधत होते आणि प्रत्येक हिरव्याला नको म्हणत होते. बाहेर पाऊस नव्हता. डोंगराच्या मागं आभाळ काळं झालं होतं, एवढंच. वरच्या खिडकीतून हवाबीचा आवाज आला, "पाणी येतंय! वर चला! मागून!" गल्लीतल्या पोरांनी नेहमीसारखी शिट्टी मारली.

मग आवाज आला. ट्रक घसरत यावा तसा. गढूळ पाण्याचा एक पट्टा गल्लीत शिरला, त्यावर खोकी, चपला, एक प्लास्टिकची खुर्ची. जुन्या दुकानांतली माणसं क्षणात दिसेनाशी झाली. ती मागच्या पायऱ्यांनी वर गेली होती. इम्तियाजनं मुंबईत, गावाला, कुठंही माणूस करेल तेच केलं. शटर ओढलं.

पुढचं सांगितलंच आहे.

हवाबी तिच्या जिन्यावरून वर बोळात गेली होती. बोळाच्या वरच्या टोकाला जमलेली माणसं मोजताना तिला इम्तियाज दिसला नाही. आम्ही दोघी दुकानात आहोत हे तिला ठाऊकही नव्हतं. ती इम्तियाजसाठी आली होती, ज्याच्याशी दर शुक्रवारी भांडायची त्याच्यासाठी. बोळातून पाण्याचा लोट खाली येतच होता. त्यात बसून, घसरत, भिंत धरत ती त्या बुटक्या दारापर्यंत आली आणि दगडानं दार ठोकू लागली.

"माल फेक!"

इम्तियाज ताग्यांकडे वळला. आणि थांबला. मी हे डोळ्यांनी बघितलं. वरच्या रांगेत लग्नाचं रेशीम होतं. त्यानं वरचा तागा काढला आणि तो पाण्यात न टाकता मेघनाकडे देऊ लागला, काउंटरवर ठेव म्हणून. मग दुसरा. अगदी हळुवार, लेकरू द्यावं तसा. पाणी माझ्या खांद्याला आलं होतं. सालिमबाबांच्या चपला हातातून सुटल्या.

पलीकडून हवाबीला काही दिसत नव्हतं. पण आवाज येईना, धपाधप तागे पडेनात, म्हणजे आत काय चाललं आहे ते तिला कळलं. तिचा आवाज एकदम खाली आला. ओरडली नाही. दाराला तोंड लावून म्हणाली,

"इम्तियाज. बाला. तो पण रचत होता."

ती सांगत नसली तरी तिच्या नवऱ्याची गोष्ट गल्लीत सगळ्यांना माहीत होती. इम्तियाजच्या हातातला तागा पाण्यात पडला.

मग आम्ही सगळेच तुटून पडलो. सालिमबाबा "यल्ला, यल्ला" करत काठीनं वरचे तागे खाली पाडत होते. मेघना काउंटरवरून उडी मारून पाण्यात उतरली. ओढायची, ढकलायची आणि रडत हसायची. भिजलेला तागा मेलेल्या रेड्यासारखा जड असतो. रेशीम, वॉइल, सुती, सगळं पाण्यावर उलगडत, पायात गुंडाळत होतं. पहिली पायरी दिसली, दुसरी पायाला लागली. इम्तियाजनं खांद्यानं उरलेली थप्पी आडवी केली आणि कडी सापडली. वर्षानुवर्षं न उघडलेली कडी. दार आत ओढलं तर तिथं हवाबी बसलेली. चष्मा नाही, ओढणी नाही, गुडघे सोललेले. तिनं आधी मेघनाचा दंड धरला, मग मला बघितलं.

"तू हिथं काय करतंस गो?"

एवढंच. मग एकेकाला वर ओढलं. इम्तियाज शेवटी. तो दारात मागं वळून बघायला लागला तेव्हा तिनं त्याच्या थोबाडीत मारली. आणि मग त्याला पोटाशी धरलं.

पाणी संध्याकाळी उतरलं. चार दिवस गल्ली चिखल उपसत होती. मग शुक्रवारी गल्लीतले सगळे तिच्या जिन्याखाली जमले, कारण नवी खाच मारायची होती. ती कोण मारणार हे गल्लीत आधी ठरायचं, यंदा विचारायची गरज पडली नाही. इम्तियाजनं छिन्नी घेतली. पाण्याचा डाग अजून गिलाव्यावर दिसत होता, तिच्या नवऱ्याच्या खाचेच्या चार बोटं वर. इम्तियाज कडा नीट करत बसला तर हवाबी म्हणाली, "पुरे. नक्षी नको."

मग तिनं त्याचा हात धरला आणि आधी खालच्या खाचेवर ठेवला. जिच्यावरून ती कायम पुढं जायची, तिच्यावर. मग वरच्या. मग माझा हात ठेवला, मग मेघनाचा. सालिमबाबा काठीवर रेलून आपणहून पुढं आले.

मी तिला शेवटची बघितली ती त्याच दिवशी. आम्ही निघालो तेव्हा ती अत्तरवाल्याच्या दुकानात मागच्या पायऱ्यांपाशी उभी होती. कोणीतरी चिखलातून वाचवलेलं एक खोकं वाळायला म्हणून तिथं ठेवलं होतं. सोललेल्या गुडघ्यानं तिला वाकता येत नव्हतं, म्हणून ती ते पायानं ढकलत होती. खोकं एकेक पायरी उतरत होतं आणि प्रत्येक पायरीला ती त्याला शिवी देत होती.

त्यानंतर तिला ताप भरला. मुलानं रुवीला नेलं. तिसऱ्या मजल्यावर, स्वच्छ चादरीवर, ती झोपेत गेली. पाण्यानं नाही.

दुकानात इम्तियाज होता, मेघना होती, सालिमबाबा होते, मी होते. आम्ही चौघंही जगलो.